मुंबई–न्यूयॉर्क: थेट जावं की आखातातून?

न्यूयॉर्कला मुलांकडे जायचं ठरलं की घरोघरी हीच चर्चा: थेट विमान घ्यायचं की दुबई-अबूधाबीला उतरून जायचं? मी दोन्ही वाटांनी गेलोय, म्हणून लिहितो.

किलोमीटर बघून ठरवू नका. मुंबईहून न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ सर्वांत जवळच्या वाटेनं सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. दुबईमार्गे आधी १,९३० आणि मग ११,०००, म्हणजे एकूण १३,०००च्या आतच. वळसा किरकोळ आहे. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. येताना पश्चिमेकडचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे तास-दीड तास वाचतो. एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि त्यांच्या वाटा बदलल्या, तेव्हा वेळ जुन्या तिकिटावरून धरू नका. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, हेही हिशेबात घ्या.

आता मला खटकलेली गोष्ट. मध्ये उतरलं की पाय मोकळे होतात, असं सगळे सांगतात. पण आखातातला थांबा येतो तीन तासांनी, पाय अजून आखडलेलेही नसतात तेव्हा. पुढे चौदा तास उरतातच. म्हणजे लांबचं बसणं जेमतेम दोन तासांनी कमी होतं आणि त्यासाठी सगळी रात्र जाते. मुंबईची ही विमानं बरीचशी रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात; पुण्याहून येणारा तर संध्याकाळीच घर सोडतो. डोळा लागतोय तोवर जेवणाचा ट्रे येतो, तो आवरेपर्यंत उतरायची वेळ होते. मग पुन्हा तपासणी, लॅपटॉप बाहेर, लांबलचक चालणं आणि गेटपाशी ताटकळणं. माझी झोप तिथे जी मोडायची ती पुढच्या चौदा तासांतही नीट लागायची नाही. थेट विमानात जेवण झालं, दिवे मंदावले की सलग पाच-सहा तास झोप मिळते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आखाताच्या बाजूनं बोलायचं तर भाडं बऱ्याचदा कमी पडतं, वेळांची निवडही जास्त असते. अबूधाबीचा एक फायदा खरोखर मोठा आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. दुबईला ही सोय नाही. त्यामुळे आखातातूनच जायचं असेल तर मी अबूधाबी धरीन आणि दोन विमानांत किमान तीन तास ठेवीन.

ज्यांना मधला थांबा खरंच हवा, गुडघ्यांसाठी म्हणा किंवा पाठीसाठी, त्यांनी लंडनमार्गे बघावं. तिथे प्रवास जवळजवळ निम्मा होतो: आधी साडेनऊ-दहा तास, नंतर आठ. ट्रान्झिट व्हिसाचे नियम मात्र तिकिटाआधी तपासा.

प्रत्येकाची झोप आणि खिसा वेगळा, हे मान्य. तरी आई-वडील एकटे जाणार असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी थेट तिकीटच काढीन, व्हीलचेअर आधी सांगून ठेवीन आणि सीट आयलची घेईन.