रिकॉलचा कागद खरा होता, फक्त तो माझ्या गाडीचा नव्हता

सेकंडहँड सेडान बघत असाल आणि विकणारा म्हणत असेल की "सगळे रिकॉल झालेत, टेन्शन घेऊ नका" (रिकॉल म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मला पण हेच ऐकवलं होतं, आणि नुसतं तोंडी नाही, एअरबॅगचा इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) बदलल्याचा शिक्का मारलेला कागद हातात दिला. कागद अगदी खरा. फक्त त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दुसऱ्याच गाडीचा!

चेसिस नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असतो आणि एका मॉडेलच्या गाड्यांचा सुरुवातीचा बराचसा भाग सारखाच असतो, खरा फरक शेवटच्या आकड्यांमध्ये, आणि झेरॉक्सवर नेमके तेच पुसट. नंतर ब्रेकच्या कामासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तेव्हा तिथल्या माणसाने नंबर टाकला आणि म्हणाला, एअरबॅगचा रिकॉल पेंडिंग आहे तुमचा. विकणाऱ्याला फोन केला तर "अहो चुकून दुसऱ्या गाडीचा कागद आला असेल", आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद.

एअरबॅगचा रिकॉल म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण बरेच जण "होतं काय त्याने, एअरबॅग कधी उघडते" असं म्हणून सोडून देतात. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन खराब होतं आणि मग धडक झाल्यावर इन्फ्लेटर एअरबॅग फुगवायच्या ऐवजी स्वतःच फुटतो आणि त्याच्या धातूचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर, मानेवर येतात. लहानशा धडकेतून जी माणसं सहज वाचली असती ती यात गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलमध्ये आले, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि हा धोका गाडी जुनी होते तसा वाढतो, म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्याच्याच वाट्याला जास्त.

आता दुसरी लबाडी, जी मला कागदापेक्षा जास्त डोक्यात गेली. मेकॅनिकने मीटर उघडलं तर एअरबॅगच्या लाइटची वायर ऑइलच्या लाइटला जोडलेली. का? तर एअरबॅग सिस्टीममध्ये आधीचा एक फॉल्ट होता, लाइट कायम पेटलेला राहिला असता. लाइट काढून टाकला तर चाणाक्ष माणसाला कळतं की चावी फिरवल्यावर तो पेटतच नाही, म्हणून हा जुगाड. पकडायचं कसं ते सांगतो. चावी ऑन करायची पण सेल्फ मारायचा नाही (बटणवाली गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता मीटरमधले लाइट पेटेपर्यंत बटण दाबायचं). एअरबॅगचा लाइट पेटून काही सेकंदात आपोआप गेला पाहिजे, ऑइल आणि बॅटरीचा मात्र इंजिन चालू होईपर्यंत राहतो. एअरबॅगचा पण त्यांच्याबरोबरच राहिला आणि इंजिन सुरू झाल्यावर सगळे एकदम गेले तर वायरिंगमध्ये गडबड आहे असं समजा. हे लोक टेस्ट ड्राइव्हला गाडी आधीच चालू करून ठेवतात ना, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण गिअरबॉक्स. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाड्यांची कॉमन तक्रार म्हणजे हळू स्पीडला हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की थरथर, आणि कितीतरी गाड्यांत ती ठराविक तापमानालाच येते, त्यामुळे गाडी थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चालवून बघायची. मला गरमच दिली. वर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तेव्हा बिघाडाचा एकही कोड नाही, मी खूश, पण रेडिनेस मॉनिटर्स (गाडी स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवते ते) बहुतेक अपूर्ण होते, म्हणजे कोड नुकतेच पुसलेले. विचारलं तर म्हणे बॅटरी बदलली. बॅटरी काढल्यावर पण तसं होतं हे खरंय, म्हणूनच हे उत्तर सगळ्यांच्या तोंडात तयार असतं. अशा वेळी गाडी काही दिवस चालवू द्या, मग परत स्कॅन करू असं म्हणायचं आणि चेहरा बघायचा.

आणि "रिकॉल झाला" म्हणजे विषय संपला असंही नाही. निसान अल्टिमाच्या २०१३ च्या पुढच्या गाड्यांमध्ये बॉनेटचं दुसरं लॅच (पहिलं सुटलं तरी बॉनेट धरून ठेवणारी कडी) गंजून अडकायचं, त्याच गोष्टीसाठी एकापेक्षा जास्त वेळा रिकॉल काढावा लागला, आधी काम झालेल्या गाड्या पण परत बोलावल्या. त्यामुळे कागदावरची तारीख बघा आणि चेसिस नंबर डॅशबोर्डवरून स्वतः लिहून घ्या (त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, तसं दिसलं तर एक किंवा शून्य वाचा), मग कंपनीकडे तपासा. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नंबर तर अजिबात टाकू नका.

एअरबॅगचं काम मला फुकट करून मिळालं, मालक कितवा आहे ते कोणी विचारलं नाही. थरथर मात्र माझ्याच खिशातून, कारण ती सेफ्टीत बसत नाही, त्याला वाढीव वॉरंटी असली तर वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा असते आणि माझी गाडी दोन्हीच्या बाहेर. विकणाऱ्याकडून काही परत मिळालं नाही. एक मात्र तिथेच करून घेतलं, कंपनीच्या रेकॉर्डमध्ये माझं नाव आणि पत्ता टाकला, कारण रिकॉलची पत्रं इतके दिवस आधीच्या मालकाच्या घरी जात होती.