इंग्रजी बायबल घेताना: किंग जेम्स की एनआयव्ही?

जालना, संभाजीनगरकडच्या मंडळीत मराठी पवित्र शास्त्राच्या जोडीला इंग्रजी प्रत ठेवायची असेल, तर रोजच्या वाचनाला एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन, आजच्या सोप्या इंग्रजीतलं भाषांतर) घ्या. 1611 ची किंग जेम्स, म्हणजे जुन्या वळणाच्या इंग्रजीतलं भाषांतर, कानाला भारदस्त लागते, स्तोत्रं मोठ्यानं वाचावीत तर तीच. पण मराठी माध्यमातल्या पोरांना तिच्यातली प्रेषित पौलाच्या पत्रांतली लांबलचक वाक्यं झेपत नाहीत.

खरा फरक हस्तलिखितांचा आहे: दोन्हींतला नवा करार वेगवेगळ्या ग्रीक हस्तलिखितांवर आधारलेला आहे. एनआयव्हीत प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 उघडा: वचन 36 नंतर थेट 38. छपाईची चूक समजून प्रत परत करू नका. 37 वं वचन तळटीपेत असतं, कारण ते सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या 5:7 चंही काहीसं तसंच: वचनाचा आकडा आहे, पण त्यातला बराच मजकूर तळटीपेत गेला आहे. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा मजकूर डच विद्वान इरॅस्मसनं ग्रीक नव्या कराराच्या आपल्या 1516 च्या आवृत्तीत घेतला नव्हता. 1522 च्या आवृत्तीत घातला आणि पुढं तो किंग जेम्समध्ये आला. म्हणून तळटीपा गाळलेली स्वस्त प्रत नकोच.

गटात वाचायचं तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. एनआयव्हीच्या 1984 आणि 2011 च्या मजकुरातही बरेच बदल आहेत. कॉपीराइटच्या पानावर साल बघून घ्या. मुळाला धरून अभ्यास करणाऱ्याला ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन, मूळ शब्दांच्या जवळ राहणारं भाषांतर) जास्त उपयोगी.