कामाच्या गाडीला जीपीएस: मोबाइल अ‍ॅप, खोचायचा ट्रॅकर की वायरवाला?

गाड्यांना ट्रॅकर लावायचा, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. कोणता लावायचा, एवढंच उरलंय. आमच्याकडे तिन्ही प्रकार वापरून झालेत. धंदा जनरेटरच्या देखभालीचा, शेड धायरीत, आणि साइट हिंजवडीपासून हडपसरपर्यंत कुठेही. गाड्या म्हणजे इको व्हॅन आणि एक जुना छोटा हत्ती. पन्नास ट्रक पळवणाऱ्या ट्रान्सपोर्टरला माझं गणित लागू पडेलच असं नाही.

ट्रॅकर कशासाठी हवा होता तेही सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. रात्री सोसायटीची लाइट जाते, जनरेटर स्टार्ट होत नाही, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतं आणि चेअरमनचा फोन वाजत राहतो. तेव्हा आपल्यापैकी सगळ्यात जवळ कोण आहे, हे मला पटकन कळायला हवं. डिझेल कोण मारतंय, वेग किती होता वगैरे विकणारे फार रंगवून सांगतात. ते मिळालं तर बरं, पण त्यासाठी मी पैसे टाकले नव्हते.

मोबाइलचं अ‍ॅप दुपारी ठरवलं तर संध्याकाळी चालू होतं, आणि एका बाबतीत ते बाकी दोघांपेक्षा सरस आहे, हे कबूल करायला हवं. नारायण पेठ, शनिवार पेठ अशा दाट वस्तीत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटत येतो आणि गाडीतला ट्रॅकर उभ्या गाडीला समोरच्या वाड्यात नेऊन ठेवतो. फोन आसपासचं वायफाय आणि टॉवर यांचाही आधार घेतो, त्यामुळे पत्ता बरा दाखवतो.

पण अ‍ॅप असतं माणसाच्या खिशात. गाडी साइटवर उभी, आणि माणूस कुणाच्या तरी दुचाकीवरून फिल्टर आणायला नाना पेठेत, तर मॅपवर गाडीच नाना पेठेत. शिवाय बॅटरी वाचवायला फोन स्वतःच अ‍ॅपला झोपवतो. मग सकाळचा पहिला फोन ‘लोकेशन चालू कर रे’ असा. तिकडून ‘चालूच आहे दादा’. दोघंही खरंच बोलत असतात.

आणि सुट्टीच्या दिवशीही ते चालूच राहतं. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी सोमवारी हसत विचारलं, “साहेब, काल लग्नात जेवण बरं होतं, तेपण दिसलं का?” मीही हसलो, पण त्या दिवसापासून ते अ‍ॅप डोळ्यांत सलायला लागलं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जुलै 2024 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की जामिनावर सुटलेल्या आरोपीचा ठावठिकाणासुद्धा पोलिसांना सतत दिसत राहील, अशी अट घालता येणार नाही. त्या खटल्यात गूगल मॅपवर पिन टाकून ठेवायची अट होती. आरोपीला जी मोकळीक मिळते ती आमच्या मिस्त्रींना रविवारी असायला हरकत नसावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची वाट ठेवली आहे. ती वाट लग्नाच्या पंगतीपर्यंत जाते असं मला वाटत नाही. वकिलांचं मत वेगळं असेल तर त्यांचं धरा.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा ट्रॅकर मात्र मला मनापासून आवडला होता. कुठे वायर सोलायची नाही, वॉरंटीवरून शोरूमशी वाद नाही, गाडी विकली की काढून दुसरीत. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, म्हणून किल्ली बंद असली तरी तो जागा राहतो. गाडी लीजची असेल तर माझ्या मते दुसरा विचारही करू नका. आमच्या जुन्या छोट्या हत्तीला तो सॉकेटच नाही, ही अडचण आमची.

वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मॅपवर गाडी करडी होते आणि खाली ‘ऑफलाइन’ लिहून येतं. आता का झाली ऑफलाइन? आमचं काम अर्धं तळघरात. हॉस्पिटलचा जनरेटर बेसमेंटला असला की तिथे उपग्रहही नाही आणि नेटवर्कही नाही. ताम्हिणीकडच्या एखाद्या रिसॉर्टचा कॉल असला तर वाटेतच रेंज जाते. खड्ड्यांनी खोचलेला डबा सैल होतो. उंच माणसाचा गुडघा लागतो. आणि आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा, गाडी सर्व्हिसिंगला गेलेली असते. गॅरेजच्या पोराला स्कॅनर लावायला तोच सॉकेट हवा असतो. तो ट्रॅकर उपसतो, समोरच्या खणात टाकतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. शेवटची शक्यता, ड्रायव्हरने मुद्दाम काढला. मॅपवर हे सगळं एकाच करड्या रंगात दिसतं.

मग फोन करावा लागतो. आवाज कितीही साधा ठेवा, ‘ट्रॅकर निघालाय का?’ विचारलं की समोरच्याला ‘काढलास का?’ असंच ऐकू जातं. “दादा, गॅरेजमधून गाडी मी आणलीच नव्हती, ज्याने आणली त्याला विचारा,” असं तुटक उत्तर आमच्या सगळ्यात भरवशाच्या पोराकडून आलं, तेव्हा मी त्या डब्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एरवी हा पोरगा साइटवरून निघाला की आपणहून कळवणारा. ट्रॅकर घेतला होता ‘कुठे आहेस’चे फोन कमी व्हावेत म्हणून. ते कमी झाले खरे, पण त्यांच्या जागी हे असले सुरू झाले, आणि हे जास्त महाग पडतात.

वायर जोडून बसवायचा ट्रॅकर या एका बाबतीत निवांत आहे. त्याच्या तीन वायरी महत्त्वाच्या: बॅटरी, अर्थिंग आणि इग्निशन, म्हणजे किल्ली चालू की बंद ते सांगणारी. डॅशबोर्डच्या आत बसतो, त्यामुळे गॅरेजमध्ये सहसा कुणी त्याला हात लावत नाही. आत छोटी बॅटरी असते. मुख्य करंट तुटला तर मरण्याआधी ‘पॉवर कट’ असा मेसेज टाकतो. म्हणजे वायर तुटली की नुसती रेंज गेली, हे मला कुणालाही न विचारता कळतं. बेसमेंटमध्ये गेलेली गाडी वर आली की मधल्या वेळेची साठवलेली नोंद पाठवते, किल्ली कधी बंद झाली ते धरून. स्वस्तातल्या सगळ्याच डिव्हाइसमध्ये ही साठवण नसते, विचारून घ्या. खोचायच्या काही ट्रॅकरमध्येही हे सगळं मिळतं, हे मान्य. पण गॅरेजचं पोरगं तो उपसतंच, आणि ‘पॉवर कट’ तेव्हाही येतो.

इग्निशनच्या वायरचे फायदे मला नंतर कळत गेले. पेठेतली गाडी मॅपवर समोरच्या वाड्यात गेली तरी किल्ली बंद आहे हे दिसतं, म्हणून रात्री ‘गाडी हलली’ अशा खोट्या सूचना येत नाहीत. दुसरं जास्त गंभीर. एकदा कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका नव्या मुलाची गाडी वेगात दिसत होती आणि इग्निशन बंद. डिझेल वाचवायला म्हणे. किल्ली बंद करून उतारावर सोडलेल्या गाडीला ब्रेकची ताकद मिळत नाही, चुकून स्टिअरिंग लॉक झालं तर विषयच संपला. त्या उतारावर काय काय होतं हे पुणेकरांना सांगायला नको. त्याला दुसऱ्या दिवशी समोर बसवून बोललो. हे अ‍ॅपवरून कधीच कळलं नसतं.

याच वायरिंगबरोबर दुकानदार इंजिन बंद करायचा रिले गळ्यात मारतो. गाडी चोरीला गेली तर फोनवरून बंद पाडा, म्हणतो. मी घेतला नाही. चालती गाडी शेडमध्ये बसून बंद करायचा अधिकार मला नको, आणि रिले स्वतःच बिघडला तर गाडी भर चांदणी चौकात उभी राहायची.

वायरवाल्याचे तोटे नाहीत असं नाही. सगळा खेळ ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात असतो. जॉइंट नीट टेप केला नाही तर पावसाळ्यात त्रास देतो. बॅटरी आधीच कमजोर असेल आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तीही उतरते. नव्या गाडीला वायर जोडायच्या आधी शोरूमला विचारलेलं बरं. पहिल्या वर्षी स्वस्त वाटणाऱ्या डिव्हाइसचं दुसऱ्या वर्षीचं रिन्यूअल किती, हे बिलावर लिहून घ्या. हे तिन्ही प्रकारांना लागू. स्वस्त ट्रॅकर अजूनही टूजीवर चालतात, आणि जिओकडे टूजी नाहीच. थोडे जास्त देऊन फोरजीचा घ्या. दुकानात कुणी ‘एआयएस 140’ हे गाडीच्या ट्रॅकरचं सरकारी मानक सक्तीचं आहे म्हणून महागडं डिव्हाइस पुढे केलं, तर ते पॅनिक बटणासह 1 जानेवारी 2019 पासूनच्या नव्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी आलं, आपल्या इकोतल्या टूलबॉक्ससाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

एखादीच गाडी असेल, ती लीजची असेल, किंवा आधी महिनाभर अंदाज घ्यायचा असेल तर खोचायचा घ्या, वाईट नाही. माणसं स्वतःच्या दुचाकीवर फिरत असतील तर अ‍ॅपशिवाय इलाज नाही. मग कामाची वेळ संपली की ते आपोआप बंद होईल असंच सेटिंग करून घ्या. स्वतःच्या नावावरच्या, रोज एकाच शेडमधून निघणाऱ्या गाड्यांना मात्र मी वायरवालाच लावेन. आणि लावताना माणसांना समोर उभं करून, डबा कुठे बसतोय ते दाखवून.

बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला सोडायच्या आधी एक करा. इग्निशनच्या वायरला टेस्टर लावून किल्ली चालू-बंद करून दाखवायला सांगा. काही जण घाईत ती वायर बॅटरीच्या कायम करंटलाच जोडून मोकळे होतात, आणि मग गाडी चोवीस तास चालूच दिसते.