गवताचे गठ्ठे मागवताय? वजनकाटा सोबत ठेवा (५ पैकी ३)

आमचं दहिवडीकडं माळरान आहे, दोन खिलार गाई, एक जर्सी, दोन कालवडी आणि बारा-तेरा मेंढ्या. दिवाळी सरली की माळावर चरायला काय राहतच नाही, जनावरं नुसती हिंडून पोट खपाटीला घेऊन घरी येतात. कडबा परवडंना म्हणून एका सप्लायरकडनं (नाव नको) मशीननं बांधलेले वाळक्या गवताचे ६० गठ्ठे घेतले.

गाडी टायमात आली, वास पण चांगला, गाईंनी लगेच तोंड लावलं. पण बोलणं झालेलं २० किलोचा गठ्ठा १६० ला, म्हणजे ८ रुपये किलो. काट्यावर दहा घातले, एकही १६ च्या वर गेला नाही, म्हणजे १० रुपयानं पडला की ओ! फोन केला तर म्हणतो वाळल्यावर घटतंच. अरे, वाळलेलंच विकतोयस ना?

पाच-सहा गठ्ठे आतनं काळे निघाले. दोरी कापून मधी हात घातला तर कोंदट गरम, पांढरी धूळ उडाली, सरळ उकिरड्यात टाकले, गाभण गाईला बुरशीचं घालायची रिस्क कोण घेणार. शिवाय कुसळी गवत कुसळं आल्यावर कापलेलं, एका मेंढीच्या जिभेखाली रुतलं आणि तिनं दोन दिवस चाराच सोडला.

घालायची पद्धत आमची पण चुकलीच. आधी माळावर तसंच पसरलं, निम्मं तुडवून, त्यावरच मुतून बसून नास केला. मग आबांनी वेल्डिंगवाल्याकडनं पाइपाचं गोल रिंगण करून आणलं, बाहेरनं मान घालून खातात, नासाडी लई कमी झाली. रोज रिंगण पंधरा-वीस पावलं सरकवतो म्हणजे शेण सगळ्या माळावर पडतं, एका जागी चिखल होत नाही. रोज तीन गठ्ठे, गठ्ठ्याला दोन नायलॉनच्या दोऱ्या, संध्याकाळी सहा मोजून खिशात आल्या पाहिजेत, गाईच्या पोटात गेली तर ऑपरेशनशिवाय निघत नाही.

कारखाने सुरू झाल्यावर उसाचं वाढं (वरचा हिरवा शेंडा) स्वस्त मिळतं हे खरं, पण नुसत्या वाढ्यावर ठेवलं की त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं कॅल्शियम कमी पडतं, म्हणून निम्मं हे गवत मिसळतो.

परत घेईन, पण एक गठ्ठा माझ्यासमोर फोडायचा आणि पैसे किलोवर. ह्या अटीवर त्यानं अजून फोन उचललेला नाही.