डेमोचं पॅनल वेगळं, हातात आलेलं वेगळं

यवतमाळ जिल्ह्यात माझी खासगी पशुवैद्यकीय प्रॅक्टिस आहे. आमच्याकडचे घोडे बहुतेक वरातीचे. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली घोडी लग्नसराईभर डांबरी रस्त्यावर नाचते नि मग लंगडायला लागते. दुखणं खुरात आहे की हाडाला चीर गेलीय, हे नुसतं दाबून कळत नाही. एक्स-रेसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या म्हटलं की मालक म्हणतो, "साहेब, परवा वरात हाये, आता कसं नेऊ?"

म्हणून वापरलेलं पोर्टेबल डीआर, म्हणजे डिजिटल एक्स-रे यंत्र घ्यायचं ठरवलं. किरण सोडणारा जनरेटर, ते टिपून चित्र बनवणारं वायरलेस पॅनल, लॅपटॉप, सगळं मिळून सव्वातीन लाख. विक्रेता गावात येऊन डेमो देऊन गेला. एका घोडीच्या फेटलॉकचा, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याचा, फोटो इतका सुंदर आला की हाडाची आतली जाळी दिसत होती. त्या फाइली मी पेन ड्राइव्हवर घेतल्या. पुढे याच फाइली कामी आल्या.

पैसे गेल्यावर जे पार्सल आलं, त्यातल्या पॅनलच्या फोटोत पट्टे, डाग आणि मधोमध एक बारीक काळी रेघ. ही रेघ सगळ्यात घातक. पेस्टर्नच्या, म्हणजे फेटलॉक आणि खुराच्या मधल्या, हाडावरून गेली की हुबेहूब चीर वाटते. पॅनल थोडं बाजूला सरकवून तोच पाय पुन्हा काढला, तर रेघ हाडाची जागा सोडून पॅनलसोबत सरकली. म्हणजे दोष पॅनलचा, घोडीचा नाही.

विक्रेता म्हणाला, "सॉफ्टवेअर अपडेट करा, पॅनल तेच आहे." एक्स-रे ज्या डायकॉम नावाच्या फाइलीत साठवतात, तिच्यात चित्राशिवाय तारीख आणि बऱ्याचदा पॅनलचा क्रमांकही नोंदलेला असतो. डेमोच्या फाइलीतला क्रमांक आणि माझ्याकडच्या पॅनलवरच्या स्टिकरचा क्रमांक जुळेना. मॉडेल तेच, नग दुसरा. शिवाय प्रत्येक पॅनलच्या कॅलिब्रेशन फाइली (चित्रातले पॅनलचे दोष काढणाऱ्या) त्याच्याच असतात, दुसऱ्याच्या चालत नाहीत. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या नव्हत्याच, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स थोड्याच दिवसांत संपणारं निघालं.

कागदांचीही तीच गत. त्याने दिलेला एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना भलत्याच दवाखान्याच्या नावाचा होता. यंत्र विकलं म्हणून परवाना त्यासोबत येत नाही. नव्या मालकाला मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर आपल्या नावाने अर्ज करावा लागतो. "ते होऊन जाईल डॉक्टरसाहेब" असं म्हणणाऱ्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावा.

तेव्हा डेमोच्या वेळीच पॅनलच्या क्रमांकाचा फोटो काढा, तो बिलावर लिहून घ्या, आणि माल आला की पहिला एक्स-रे रिकाम्या पॅनलचा काढा. मध्ये काहीही न ठेवता. रेघ, डाग असतील तर तिथेच दिसतात. उरलेले पैसे त्यानंतर द्या.

माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. "धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असं विक्रेत्याचा वकील म्हणतोय. पण २०१९च्या कायद्यात पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी'च्या व्याख्येतून वगळली आहे. तक्रारही आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही.

इकडे तो अजून विकतोच आहे. जाहिरातीत फोटो आहे तो माझ्याच भागातल्या त्या घोडीच्या फेटलॉकचा.