ईबे फॉर चॅरिटी: जोडधंद्यातून दान करायचंय त्यांनी बघावंच

नोकरी सांभाळून ऑनलाइन काहीतरी विकणाऱ्या आणि त्यातलं थोडंफार कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटणाऱ्या अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. मी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवते, इथे न्यू जर्सीत बसून ईबेवर विकते आणि प्रत्येक लिस्टिंगला, म्हणजे विकायला टाकलेल्या वस्तूच्या पानाला, ईबे फॉर चॅरिटी लावते, म्हणजे विक्रीचा ठरलेला हिस्सा आपोआप एखाद्या संस्थेला देणारी ईबेची सोय. छोट्या विक्रेत्यासाठी दानाची याहून सोपी सोय मला तरी दिसली नाही. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही ते मात्र आधी समजून घ्या.

लिस्टिंग बनवताना फॉर्ममध्ये अगदी खाली चॅरिटीचा भाग येतो, किंमत आणि शिपिंग भरून झालं की आपण घाईघाईत बटण दाबतो आणि तिथपर्यंत जातच नाही. तिथे संस्था निवडायची आणि विक्रीचे किती टक्के द्यायचे ते ठरवायचं. कमीत कमी १० टक्के, जास्तीत जास्त १००. एवढंच. मग लिस्टिंगवर छोटी रिबन दिसते, संस्थेचं नाव आणि टक्के गिऱ्हाइकाला आधीच दिसतात, आणि वस्तू विकली गेली की काही दिवसांनी ती रक्कम आपोआप वळती होते. पैसे पेपाल गिव्हिंग फंडमार्फत जातात, ही स्वतःच एक धर्मादाय संस्था आहे, आणि ते मधे काही कापून घेत नाहीत, जे जातं ते पूर्ण पोचतं. पावतीही त्यांच्याकडूनच येते.

आता हिशोब. समजा अभ्रा ३२ डॉलरला गेला. १० टक्क्यांनी ३ डॉलर २० सेंट दान. ईबेची स्वतःची फी बहुतेक वस्तूंना साधारण साडेतेरा टक्के पडते आणि ती शिपिंग, सेल्स टॅक्स सगळं धरून लागते, म्हणजे एकूण ४० डॉलरची ऑर्डर असेल तर साडेपाच डॉलरच्या आसपास गेलेच. दान मात्र फक्त वस्तूच्या किमतीवर. आणि तुम्ही जितके टक्के दान करता तितके टक्के फीसुद्धा परत क्रेडिट होते, म्हणजे इथे पन्नासेक सेंट. रक्कम लहान आहे पण मला त्याचं कौतुक वाटतं, कारण आपण देतोय तर आपला प्लॅटफॉर्मही त्याचा वाटा सोडतोय. एक बघा, कमीत कमी दान १ डॉलर आहे, तर ५-६ डॉलरच्या बारीकसारीक वस्तूंना हे लावलंत तर १० टक्क्यांच्या जागी १६-२० टक्के जातात. मी स्वस्त वस्तूंना लावत नाही, दोन-तीन एकत्र बांधून सेट करते आणि त्याला लावते.

मला याच्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर दान विक्रीला बांधलेलं आहे. वर्षअखेरीस नफा बघू आणि मग देऊ असं ठरवणाऱ्यांना विचारा, डिसेंबरात काय उरतं ते. कापड, धागा, खोकी, टेप, पोस्टाचे वाढलेले दर, शिलाई मशीनची दुरुस्ती, सगळं जाऊन जे राहतं त्यातनं द्यायला हात धजत नाही, आणि त्यात कुणाचा वाईटपणाही नसतो. इथे पैसा आपला म्हणून मोजायच्या आतच त्याची वाट ठरलेली असते. पेरणीच्या आधी बियाणं बाजूला काढतात तसं.

कुणी म्हणेल ॲमेझॉनचं पण होतं की. होतं, ॲमेझॉनस्माइल, २०१३ ला सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झालं. त्यात खरेदीच्या अर्धा टक्का जायचा, तोही ॲमेझॉनकडून, आणि कंपनीनं बंद करताना स्वतःच सांगितलं की एका संस्थेला सरासरी २३० डॉलरसुद्धा पोचत नव्हते. लाखो संस्थांत वाटलं की असंच होणार. ईबेचं २००३ पासून चालू आहे आणि आजवर १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम गेलीय. फरक इथे आहे की देणारा विक्रेता आहे, टक्का घसघशीत आहे आणि संस्था आपण विचार करून निवडलेली असते. म्हणून माझं सांगणं, दर लिस्टिंगला नवी संस्था घेऊ नका. एक धरा आणि तिलाच देत राहा, नाहीतर आपलेही थेंब थेंब होऊन सांडतील.

विक्री वाढते का? हा प्रश्न सगळे विचारतात. त्या आशेनं लावू नका असंच मी म्हणेन. फोटो वाईट असतील, मापं नीट लिहिली नसतील तर रिबन बघून कुणी पिशवी घेत नाही. मात्र जी बाई दोन पिशव्यांत घुटमळत असते ती कधीकधी रिबनवालीकडे झुकते, मेसेजमध्ये संस्थेबद्दल दोन ओळी विचारते, आणि अशी गिऱ्हाइकं परत येतात हा माझा अनुभव.

टॅक्सबद्दल नीट वाचा, इथे खूप गोंधळ असतो. हे दान तुमचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही, त्यामुळे वजावट मागायचा हक्कही तुमचाच. पण स्वतःच्या नावावर धंदा असेल तर टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल सी वर (धंद्याचा जमाखर्च) खर्च म्हणून ते दाखवता येत नाही, ते शेड्यूल ए वर (एकेक वजावटीची यादी) जातं, आणि आपल्यातले बरेच जण ती यादी न करता स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेतात म्हणजे तिथे त्याचा फायदा शून्य. २०२६ सालापासून मात्र नियम बदललाय, स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही पैशाच्या रूपात दिलेल्या दानावर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट आहे. दुसरं म्हणजे १०९९-के, म्हणजे तुमच्या विक्रीची माहिती देणारा टॅक्सचा फॉर्म, आलाच तर त्यात पूर्ण विक्रीचा आकडा असतो, दान वजा करून नाही. पावत्या जपून ठेवा.

आता आपल्या मनातला प्रश्न, गावाकडच्या शाळेला देता येईल का? थेट नाही. यादीत अमेरिकेत नोंदलेल्या ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थाच असतात. आणि तिकडच्या ट्रस्टला परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावातल्या चार शिक्षकांनी चालवलेल्या संस्थेला हे झेपत नाही, त्यांचा दोष नाही. म्हणून मधली वाट, भारतात काम करणाऱ्या पण इथे नोंदलेल्या संस्था. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या प्रथमची इथे प्रथम यूएसए आहे, १९९१ ला बर्कलीत सुरू झालेली आशा फॉर एज्युकेशन आहे, आणि आपल्या लोकांनी १९७८ मध्ये काढलेलं महाराष्ट्र फाउंडेशन आहे. यातली कोणती ईबेच्या यादीत आहे ते सर्चमध्ये नाव टाकून बघा, आणि जिला देणार तिचा फॉर्म ९९०, म्हणजे सरकारला दिलेला वार्षिक हिशोब, जरूर चाळा, फुकट बघायला मिळतो. पगारावर किती, कामावर किती हे त्यात दिसतं. एखादी संस्था यादीत नसेल तर तिच्या ऑफिसला मेल टाका, नोंदणी संस्थेलाच करावी लागते.

एक धोक्याची सूचना. ईबेवर हे सगळं यंत्रणेतनं होतं म्हणून निर्धास्त असतो. पण तेच तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवर किंवा इन्स्टावर 'विक्रीतला भाग अमुक संस्थेला' असं लिहून विकायला लागलात तर बऱ्याच राज्यांत त्याला वेगळा कायदा लागू होतो, संस्थेशी लेखी करार लागतो, मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी नोंदणीसुद्धा. एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकायच्या साइटवरही संस्थेचं नाव वापरायचं तर तिची परवानगी लागते. 'काही भाग' असं मोघम तर कधीच लिहू नका. किती टक्के, कुणाला, कधीपर्यंत, सगळं लिहा. गिऱ्हाइकानं त्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजलेले असतात.

रिटर्नचं राहिलंच. वस्तू परत आली तर रिफंड लगेच करून टाका, रेंगाळू नका, कारण दान एकदा पुढे गेलं की ते परत मिळत नाही. मी तर चॅरिटीवाल्या वस्तूंना पार्सल पोचल्या दिवशीच मेसेज टाकते, माप बरोबर बसलं का, रंग फोटोसारखाच आहे ना.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गावाकडच्या छोट्या संस्थांपर्यंत हे पोचत नाही म्हणून. दिवाळीच्या आधी तोरणं, पणत्या विकणार असाल तर आत्ताच संस्था निवडून ठेवा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी गिव्हिंग ट्यूजडे हा दानाचा दिवस असतो तेव्हाही लोक अशा वस्तू शोधत असतात, आणि काही अडलं तर मला विचारा, फॉर्म कसा भरायचा ते स्क्रीनशॉट काढून पाठवते.