टायमिंग लाइट की व्हॅक्यूम गेज?

विलिस या जुन्या अमेरिकन कंपनीच्या ट्रकचं हरिकेन इंजिन नव्याने बांधलेला एक मित्र या दोन्हींत अडकलाय. लाइट ठिणगी नेमकी कधी पडते (टायमिंग) ते दाखवतो, गेज इंजिन हवा किती जोराने ओढतं ते. काहीही घे, पण आधी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा, गॅप ०.०२० इंच कर. तो नंतर बदललास तर टायमिंगही हलतं.

अचूकपणात लाइट पुढे. पुलीवरची खूण खडूने पांढरी केली की टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) ५ अंश आधीची जागा लख्ख दिसते. मात्र बांधलेल्या इंजिनात पुली दुसऱ्याच गाडीची असू शकते, म्हणून एक नंबरचा पिस्टन वर आणून खूण तपासच. गेजची सुई बघत डिस्ट्रिब्युटर फिरवला, तर सुई सर्वात वर जाते तिथे टायमिंग बहुधा जास्तच पुढे गेलेलं असतं आणि चढावर इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून ठकठक वाजतं.

कार्बोरेटरसाठी मात्र लाइट निरुपयोगी. गेज लावून आयडल मिक्श्चरचा (इंजिन नुसतं चालू असतानाच्या हवा-पेट्रोल मिश्रणाचा) स्क्रू पाव-पाव फेरा फिरव. सुई उंच आणि स्थिर झाली की थांब. समुद्रसपाटीला गेजवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) चांगले. स्थिर पण खालीच राहिली तर कार्बोरेटरखालची गॅस्केट बघ, ठरावीक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्ह. नव्या बांधणीत हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

गेज स्वस्तही पडतो.

खूण खात्रीची असेल आणि फक्त टायमिंग लावायचं असेल, तर लाइट. इंजिन नुकतंच बांधलंय आणि कार्बोरेटरही जुळवायचाय, तर आधी गेज घे. टायमिंगपुरता लाइट गॅरेजवाल्याकडून मागून आण.